गढूळ पाण्यात बाससाठी कुठलं लुअर घ्यायचं? लेक लव्हॉनवर वापरलेल्या लुअर्सचा रिव्ह्यू

डॅलसच्या उत्तरेला, म्हणजे प्लेनो, ॲलन, वायली या पट्ट्यात राहणाऱ्या आणि बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडायचा नाद नुकताच लागलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय, कारण दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच की दादा, दुकानात भिंतभर लुअर्स, म्हणजे नकली आमिषं, टांगलेली असतात, त्यातलं नेमकं कुठलं उचलू? व्हिडिओत दाखवतात ते पाणी नितळ असतं, दहा फूट खालचा दगड दिसतो, आणि ते बघून आपण पैसे टाकतो. आपल्या लेक लव्हॉनवर दोन दिवसांच्या पावसानंतर गेलात तर हात कोपरापर्यंत बुडवला की बोटं दिसत नाहीत. तिथं त्यातली निम्मी लुअर्स डब्यातच पडून राहतात. म्हणून हा रिव्ह्यू फक्त गढूळ पाण्यापुरता आहे, स्वच्छ पाण्याचा हिशोब वेगळा आणि तो इथं काढत बसत नाही.

आधी हे पाणी असं का ते सांगतो, कारण लुअर निवडायचं गणित तिथूनच सुरू होतं. लव्हॉन म्हणजे ट्रिनिटी नदीच्या ईस्ट फोर्कवर आर्मी कोअरनं (अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर विभागानं) बांधलेलं धरण, १९५० च्या दशकातलं, पसारा २१ हजार एकरांच्या वर पण खोली फारशी नाही. भोवतालची जमीन ब्लॅकलँड प्रेअरी, काळी चिकणमाती, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाऊस पडला की बुटाला किलोभर चिकटते. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला ओळख करून द्यायला नको, ही त्याच जातीची कापसाची काळी जमीन आहे, इथंही एके काळी सगळा कापूसच पिकायचा. या मातीचे कण इतके बारीक की एकदा पाण्यात मिसळले की खाली बसायला कितीतरी दिवस घेतात, त्यात नॉर्थ टेक्ससचा वारा रोज उथळ पाणी ढवळत असतो. म्हणजे आज गढूळ आहे, पुढच्या रविवारी नितळ मिळेल अशी वाट बघण्यात अर्थ नाही.

पण गढूळ गढूळ यातही फरक असतो आणि तो दुकानात जाण्याआधी कळला पाहिजे. माझी पद्धत सोपी आहे, पांढरं लुअर रॉडच्या टोकाला बांधून काठाशी हळूहळू खाली सोडायचं आणि ते दिसेनासं कधी होतं ते बघायचं. दीड-दोन फुटांवर गेलं तर त्याला इथले लोक स्टेन्ड म्हणतात, ते पाणी मस्त असतं, त्यात जवळपास सगळं चालतं. फुटाच्या आत गायब झालं की ते खरं गढूळ. आणि दोन-तीन इंचातच गेलं, चहाचा रंग, वरून काटक्या-कचरा वाहून येतोय, म्हणजे ओढ्याचा ताजा लोंढा आलाय, तिथं वेळ घालवू नका, त्याच लेकच्या दुसऱ्या कोपऱ्यात जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर हे जास्तच, कारण पावसाचं ते पाणी थंड असतं आणि थंड अधिक गढूळ हे सगळ्यात वाईट जुळणं, मासा तोंडच उघडत नाही. उलट वाऱ्यानं ढवळून गढूळ झालेलं, ऊन खाल्लेलं उथळ पाणी चांगलं असतं, कारण मातीचे कण उष्णता धरतात आणि वसंतात तो भाग आधी गरम होतो. कधी कधी गढूळ आणि बऱ्या पाण्याची सरळ रेघ दिसते, तिला मडलाईन म्हणतात, ती दिसली की बाकी सगळं सोडून तिथं थांबा.

आता मासा काय करतो बघा. लार्जमाउथ बास एरवी डोळ्यांवर भरवसा ठेवून शिकार करतो, पण दिसत नसेल तेव्हा त्याच्या अंगावरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी रेष जाते ना, लॅटरल लाईन, ती कामाला येते, पाण्यातली थरथर त्याला त्यातून कळते. आणि प्रकाश खोल जात नाही म्हणून तो वर, उथळात सरकतो आणि कशाला तरी खेटून बसतो, बुंधा, डॉकचा खांब, बुडालेलं झुडूप, दगडांचा बांध. मोकळ्या पाण्यात तो पाठलाग करत नाही. म्हणजे लुअर त्याच्या नाकासमोरून, फूटभराच्या आतून, सावकाश आणि आवाज-थरथर करत गेलं पाहिजे. गढूळ पाण्यातलं लुअर मी यावरच तोलतो: किती पाणी हलवतं, हळू ओढलं तरी हलवतं का, आणि लाकडाला धडकवलं तर अडकून बसतं का. रंग त्याच्यानंतर. दुकानात मात्र सगळी विक्री रंगावर चालते.

सगळ्यात आधी स्पिनरबेट, कारण कोणी मला एकच घेऊ दे म्हटलं तर मी हेच देतो. वाकवलेली तार, एका टोकाला शिशाचं डोकं, हुक आणि रबराचा झालर-स्कर्ट, दुसऱ्या टोकाला फिरणारं पातं. सगळी मजा पात्यात आहे. विलो लीफ म्हणजे लांबट, पानासारखं, ते जोरात फिरतं आणि चमकतं, नितळ पाण्यात माशांचा थवा वाटतो, पण गढुळात ती चमक बघणार कोण. कोलोरॅडो म्हणजे गोल, खोलगट, ते हळू फिरतं आणि प्रत्येक फेरीला पाणी ढकलतं. ढोल-ताशा पथक गल्लीच्या पलीकडे असतानाच ढोल छातीत जाणवतो, ताशा नंतर ऐकू येतो, तसं हे कोलोरॅडो पातं म्हणजे तो ढोल. चांगलं असेल तर रॉडच्या मुठीत ते धप् धप् धप् मोजता येतं आणि ते थांबलं की समजायचं मासा आहे किंवा पात्याला काडी अडकलीये, दोन्ही वेळा झटका द्यायचा.

घेताना एकच मोठं कोलोरॅडो पातं असलेलं घ्या, ५ नंबर किंवा त्याहून मोठं, वजन ३/८ किंवा १/२ औंस. दोन पात्यांचं घेतलंत तर निदान दोन्ही कोलोरॅडो असू देत. पाकिटातून काढल्यावर पातं बोटानं फिरवून बघा, ते ज्यावर फिरतं ते स्विव्हल बॉल बेअरिंगचं असेल तर सहज फिरत राहतं, साधं असेल तर दोन फेऱ्यांत थांबतं, आणि हळू ओढताना जे थांबतं ते गढुळात निरुपयोगी. वॉर ईगलच्या स्पिनरबेटचे स्विव्हल मला फार आवडतात, तार पण बारीक असल्यानं थरथर जास्त येते, किंमत आठ-नऊ डॉलरच्या आसपास. बूयाह त्याच्याहून स्वस्त आणि सुरुवातीला ते अगदी पुरेसं आहे. तार कालांतरानं वाकते, ती परत सरळ करून हुकाच्या रेषेत आणायची, नाहीतर लुअर एका कुशीवर पोहतं. ओढायचं कसं, तर बुंध्याच्या पलीकडे टाकून इतकं हळू आणायचं की पातं जेमतेम फिरतंय, आणि लाकडाला मुद्दाम घासून न्यायचं. ती तार पुढे असल्यानं हुक आपोआप झाकला जातो, म्हणून हे लुअर झाडोऱ्यात बिनधास्त टाकता येतं. काठावरून मासेमारी करणाऱ्यांसाठी हा मुद्दा फार मोठा आहे, लुअर अडकलं की होडी घेऊन सोडवायला जाता येत नाही ना.

दुसरं चॅटरबेट. खरं तर चॅटरबेट हे झी-मॅन कंपनीचं नाव आहे, प्रकाराला ब्लेडेड जिग म्हणतात, पण सगळे चॅटरबेटच म्हणतात. साऊथ कॅरोलायनातल्या बाप-लेकांनी हे काढलं आणि २००६ च्या सुमारास फ्लोरिडाच्या ओकीचोबी लेकवरच्या स्पर्धेतून ते असं गाजलं की दुकानात मिळेना, पुढे झी-मॅननं ते घेतलं. दिसायला काही नाही, जिग, म्हणजे शिशाचं डोकं आणि स्कर्ट असलेला हुक, त्याच्या डोक्यापुढे एक षट्कोनी पत्रा. पण ओढलं की तो पत्रा डावी-उजवीकडे आपटतो, डोक्यावर टकटक होते आणि मागचा स्कर्ट, रबरी शेपूट सगळं थरथरतं. स्पिनरबेटची थरथर संथ आणि जाड, याची बारीक आणि जलद. म्हणून मी पाणी थंड असेल, ५५ फॅरनहाइटच्या खाली, तेव्हा स्पिनरबेट आणि पाणी गरम होऊन मासा जरा चळवळ्या झाला की चॅटरबेट असं ठेवतो.

इथं पैशाचा प्रश्न येतो. ओरिजिनल चॅटरबेट सहा-सात डॉलरला मिळतं, आणि त्यांचंच जॅकहॅमर, जे जपानच्या एव्हरग्रीन कंपनीबरोबर मिळून काढलंय, ते पंधरा-सोळा डॉलर. एका लुअरला सोळा डॉलर म्हणजे घरी सांगायला जड जातं हे मला मान्य आहे. पण दोन्ही शेजारी-शेजारी वापरून माझं मत असं झालंय की गढूळ पाण्यासाठी जॅकहॅमरचे पैसे वसूल होतात, आणि त्याचं कारण हुक किंवा रंग नाही, कारण हे की रीलचा हँडल फिरवायला सुरुवात केली की पत्रा लगेच आपटायला लागतो, आणि अगदी मंद ओढलं तरी बंद पडत नाही. ओरिजिनलला कधी कधी सुरुवातीला रॉडचा छोटा झटका द्यावा लागतो. नितळ पाण्यात हा फरक मला नगण्य वाटतो. गढुळात, जिथं मासा फूटभराच्या बाहेर येत नाही, तिथं झटका देण्यात गेलेला तो पहिला फूटच महत्त्वाचा असतो. तरी बजेट कमी असेल तर ओरिजिनल घ्या, त्यानंही मासा येतो, मलाही येतो.

फक्त एक कळकळीची विनंती, ऑनलाइन पाच-दहाच्या पाकिटात येणारी बिननावाची नक्कल घेऊ नका. मी घेतलेल्या पाकिटातली काही लुअर्स एका बाजूला कलून पोहायची, एकाचा पत्रा कास्ट करतानाच निघून गेला आणि एकाचा हुक मासा काठाशी आल्यावर सरळ झाला. डॉलरचं राहू द्या, तोंडात हुकाचा तुकडा आणि वर लुअर घेऊन मासा निघून जातो, ते मनाला लागतं.

चॅटरबेटला मागे ट्रेलर लावायचा असतो, रबरी शेपूट. गढुळात जाड आणि रुंद लावा. बारीक, माशाच्या आकाराचा ट्रेलर थरथर वाढवतो पण आकार लहान ठेवतो, आणि मला इथं आकार मोठा हवा असतो. स्ट्राईक किंगचा रेज क्रॉ नाहीतर तशाच पंजेवाल्या कुठल्याही क्रॉफिशच्या (क्रॉ, म्हणजे गोड्या पाण्यातला नांगीवाला झिंगा) आकाराचा चालतो. ते पंजे पाणी मागे फेकतात आणि लुअर वर उचलून धरतात, त्यामुळे आणखी हळू ओढता येतं, दोन-तीन फूट पाण्यात तळाला न लागता.

आता रंग. भिंतीवर चाळीस रंग असतात आणि त्यात माणूस हरवतो. २०१९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासच्या रंगदृष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला, माशांना ठराविक रंगावर झेप घ्यायला शिकवून मग इतर रंगांशी चाचणी घेतली. त्यांना दिसलं असं की लाल आणि हिरवा हे दोन रंग बास नीट ओळखतो, पण शार्ट्रूज पिवळा आणि पांढरा यात त्याचा गोंधळ होतो, आणि काळा आणि गडद निळा यातही. म्हणजे दुकानात आपण शार्ट्रूज-पांढरं घेऊ की नुसतं पांढरं यावर जे अर्धा तास घालवतो, त्याचं माशाला फारसं काही पडलेलं नाही. मी तर गढुळासाठी दोनच ठेवलेत. ऊन असेल, पाणी फूटभर तरी दिसत असेल तर शार्ट्रूज-पांढरं, म्हणजे पोपटीकडे झुकणारं भडक पिवळं. ढग असतील, सकाळ-संध्याकाळ असेल किंवा पाणी अगदीच गढूळ असेल तर काळं-निळं. नवीन लोकांना काळं पटत नाही, म्हणतात गढूळ पाण्यात काळं कसं दिसणार, पण मासा खालून वर बघतो, वर आकाशाचा जो काही उजेड असतो त्याच्यापुढे काळ्या वस्तूची कडा सगळ्यात ठळक उठते. काठावरच्या तपकिरी क्रॉफिशची हुबेहूब नक्कल करणारे ग्रीन पम्पकिन वगैरे रंग सुंदर असतात, पण ते मातीच्या पाण्यात मातीतच मिसळून जातात, ते स्टेन्ड पाण्यासाठी ठेवा. अपवाद एकच, लाल. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेक्ससमध्ये लाल क्रॉ रंगाचं क्रँकबेट (माशाच्या आकाराचं कडक लुअर, ओढलं की खाली जावं म्हणून पुढे ओठासारखी पट्टी असलेलं) लोक वर्षानुवर्षं वापरतात आणि मी पण वापरतो.

तिसरं जिग, आणि यावर माझा जीव आहे. काळं-निळं, ३/८ किंवा १/२ औंस, फ्लिपिंगचं (जवळून हळूच सोडायचं) डोकं, समोर ताठ केसांचा ब्रश असतो तो हुक झाकायला, आणि मागे जाड रबरी ट्रेलर, चंक किंवा क्रॉ. हे ओढायचं लुअर नाही, ठेवायचं लुअर आहे. गढूळ पाण्याचा एक फायदा असा की मासा तुम्हाला बघू शकत नाही, म्हणून त्याच्या बारा-पंधरा फूट जवळ जाता येतं, आणि तिथून छोट्या हातानं, पाण्यात धपकन न पाडता, बुंध्याच्या बुडाशी जिग सोडता येतं. सोडलं की लाईनकडे बघायचं. खाली जाताना लाईन मध्येच थांबली, किंवा बाजूला सरकली, की वाट बघायची नाही. तळाला पोचलं तर दोन-तीनदा जागेवरच हलवायचं, मग उचलून त्याच बुंध्याच्या दुसऱ्या बाजूला. नितळ पाण्यात मी एका बुंध्याला दोन कास्ट देतो, गढुळात त्याच बुंध्याला चारी बाजूंनी, एकेका बाजूला दोन-तीनदा. मासा तिथंच असतो, त्याला फक्त सापडायला वेळ लागतो.

घेताना रॅटल असलेलं घ्या, म्हणजे आत छर्रे असलेली छोटी नळी, नसेल तर रबरी पट्टीची रॅटल वेगळी मिळते ती लावता येते. ब्रश जास्त दाट असेल तर थोडे केस कापा आणि बाकीचे पंख्यासारखे पसरून ठेवा, नवीन जिगचा ब्रश इतका ताठ असतो की हलका मासा तोंडात घेऊनही हुक बसत नाही. किंमत चार-पाच डॉलर, आणि हे महाग घेऊन विशेष फायदा मला दिसला नाही, हुक जाड आणि धारदार असला की झालं. नखावर टोक टेकवून हळूच सरकवा, घसरलं तर बोथट, रुतलं तर चांगलं. जिगच्या ऐवजी झूमचं ब्रश हॉग हे रबरी लुअर टेक्सस रिग करून, म्हणजे हुकाचं टोक रबरात लपवून, लावलं तरी हेच काम होतं, जूनबग (गडद जांभळट) नाहीतर काळ्या-निळ्या रंगात, पुढे टंगस्टनची गोळी. ज्यांना जिगचं तंत्र जमत नाही त्यांनी यापासून सुरुवात करा, अडकतं कमी आणि पाकीटभर मिळतं.

या जिगवर जो मासा येतो तो हातात घेऊन बघा एकदा. नितळ पाण्यातला बास हिरवागार, बाजूनं ठसठशीत काळा पट्टा असलेला. गढुळातला फिकट, जवळजवळ पांढुरका, पट्टा पुसट झालेला, आजारी वाटतो पण तो अगदी ठणठणीत असतो, पाण्याच्या रंगाप्रमाणे त्याचं अंग उतरलेलं असतं इतकंच. मला तो रंग फार आवडतो. आणि फोटो काढून लगेच सोडा, कोरड्या टॉवेलनं धरू नका, हात ओला करून खालच्या जबड्याला धरा. ठेवायचा असेल तर टेक्ससचा सर्वसाधारण नियम किमान १४ इंच लांबी आणि दिवसाला ५ मासे, काही लेकचे नियम वेगळे आहेत, लेक फोर्कला तर १६ ते २४ इंचातला मासा ठेवताच येत नाही.

क्रँकबेटमध्ये गढुळासाठी चौकोनी ओठाचं, म्हणजे स्क्वेअरबिलच घ्या. स्ट्राईक किंगचं केव्हीडी १.५ हे माझं आवडतं, केव्हिन व्हॅनडॅमच्या नावानं निघतं, चार वेळा बासमास्टर क्लासिक जिंकलेला माणूस. रुंद आहे, अंगभर हेलकावे खातं आणि तो चौकोनी ओठ लाकडाला आपटला की लुअर बाजूला उडतं, हुक मागे राहतात म्हणून अडकत नाही. तो बाजूला उडण्याचा क्षण म्हणजेच चावा. नुसतं मोकळ्या पाण्यातून ओढत बसाल तर गढुळात काही होणार नाही, आपटवावंच लागतं. लव्हॉनच्या धरणाच्या बाजूला आणि पुलांखाली जो दगडांचा बांध असतो, त्याला समांतर टाका, बांधाकडे तोंड करून नव्हे, म्हणजे सगळा कास्ट दगडांना घासत येतो. तीन-तीन काट्यांचे दोन हुक असतात, लहान मुलं बरोबर असतील तर हे लुअर मी बाहेर काढत नाही.

रॅट-एल-ट्रॅप, म्हणजे बिल लुईसचं ते छर्रे भरलेलं बिनओठाचं लुअर, आवाजाला जबरदस्त आणि जिथं पाण्याखाली गवत आहे तिथं मार्चमध्ये त्याला तोड नाही. आपल्या लेकवर ते बुंध्यात अडकून जातं म्हणून मी मागे ठेवतो. पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढायच्या लुअर्समध्ये काळं बझबेट उन्हाळ्यात पहाटे एकदा जरूर टाका, काठाला धरून. ड्रॉप शॉट, नेड रिग आणि अशी सगळी नाजूक, छोटी, शांत लुअर्स गढुळासाठी विकत घेऊ नका, चांगली आहेत पण यासाठी नाहीत. पाच इंची सेन्को (जाड रबरी गांडूळ) काळ्या रंगात डॉकच्या खांबाला चिकटवून टाकलं तर चालतं, पण त्याच जागी जिग जास्त चालतं.

वासाचं विचारतात लोक, लसणाचं जेल, डिपिंग डाय वगैरे. मी रबरी ट्रेलरला लसणाच्या वासाचं लावतो, माझा विश्वास असा की त्यामुळे मासा येत नाही पण आलेला मासा लवकर थुंकत नाही, आणि गढुळात तो अर्धा सेकंद फार कामाचा असतो कारण लाईन हललेली आपल्याला उशिरा कळते. शेपटीची टोकं शार्ट्रूज डायमध्ये बुडवली तर दिसायला पण बरं. फक्त ती बाटली बॅगेत आडवी ठेवू नका, तो रंग कपड्यावरून निघत नाही.

लाईनबद्दल थोडक्यात. गढूळ पाण्यात मासा लाईन बघून बिचकत नाही, म्हणून बारीक लाईनचा हट्ट सोडून द्या. स्पिनरबेट, चॅटरबेटला १७ पाउंडाची फ्लुरोकार्बन, जिगला २० ची किंवा सरळ ५० ची ब्रेडेड. स्क्वेअरबिलला थोडी ताणणारी लाईन बरी, म्हणून १५ पाउंडाची मोनो (साधी नायलॉनची) पण चालते. रॉड सात फुटी, मीडियम हेवी, एकच असला तरी वरची चारही लुअर्स त्यावर नीट टाकता येतात, दुसरा रॉड घ्यायची गरज पहिल्या वर्षात नाही.

तर शंभर डॉलर खिशात असतील तर मी असं करीन: कोलोरॅडो पात्याची दोन स्पिनरबेट, एक शार्ट्रूज-पांढरं, एक काळं. एक जॅकहॅमर नाहीतर दोन ओरिजिनल. काळी-निळी तीन जिग, कारण ती हरवतात. एक स्क्वेअरबिल. क्रॉच्या ट्रेलरचं एक काळं-निळं पाकीट. उरलेल्यात लायसन्स, टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही, आणि स्टेट पार्कच्या आत काठावरून टाकत असाल तर मोठ्यांनाही लागत नाही, म्हणून आईवडील भारतातून आलेले असतील तर त्यांना रे रॉबर्ट्स लेकच्या स्टेट पार्कात खुशाल घेऊन जा. गार्लंडचं बास प्रो शॉप्स मोठं आहे, हात लावून बघायला तिथंच जावं, पात्याचं स्विव्हल फिरवून, हुक नखावर टेकवून बघता येतं, जे ऑनलाइन होत नाही. सेल्समनला पाणी गढूळ आहे एवढंच सांगू नका, किती इंच दिसतं आणि काठावरून टाकता की होडीतून ते सांगा, उत्तरच बदलतं.

एक शेवटचं, भारतात जाणाऱ्यांसाठी. माझा पुण्याकडचा मित्र तळ्यांवर मरळ मारतो, पावसाळ्यातल्या तांबड्या पाण्यात, आणि मरळ पण बाससारखाच दबा धरून बसणारा मासा, गवताच्या कडेला, उथळात. बेडकाचं रबरी लुअर तिकडे सगळे वापरतात, पण मी नेलेली काळी स्पिनरबेट आणि जाड ट्रेलरवालं चॅटरबेट त्यानं तिथं टाकून पाहिलं आणि आता दर वेळी यादी पाठवतो. मरळचा जबडा कडक आणि दात बारीक धारदार, रबरी ट्रेलर एकाच माशात फाटतो, म्हणून ट्रेलर जास्त न्या आणि हुक जाड बघूनच घ्या. सगळं चेक-इन बॅगेत, हुकांना टोप्या लावून, हँडबॅगेत अजिबात टाकू नका.